एकोणशंभर पकडणारी चाचणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या की बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे जर्नलांचा गठ्ठा येऊन पडतो, आणि गेली सहा वर्षे असा गठ्ठा चाळणाऱ्यांपैकी मी एक आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या जर्नलात प्रत्येक प्रयोगाखाली एक तक्ता असतो: चाचणीचा क्रमांक, दिलेली माहिती, अपेक्षित उत्तर, प्रत्यक्ष उत्तर आणि शेवटी निकाल. यंदा एका महाविद्यालयात (नाव सांगण्यात हशील नाही, कारण इतरत्रही चित्र फारसे वेगळे नसते) साठ जर्नले पाहिली, पण निकालाच्या रकान्यात एकदाही ‘नापास’ हा शब्द आढळला नाही. अपेक्षित आणि प्रत्यक्ष हे दोन्ही रकाने एकाच शाईने, एकाच बैठकीत, वरून खाली भरत गेलेले स्पष्ट दिसत होते. मी एका मुलाला त्याचाच प्रोग्राम उघडून चाचण्या चालवून दाखवायला सांगितले, तेव्हा तो खालच्या आवाजात, पण प्रामाणिकपणे म्हणाला, ‘सर, टेस्ट रन नाही केल्या, फक्त लिहिल्यात.’

त्या मुलाला मी गुण कापले नाहीत. जी चाचणी चालवायची आठवण माणसाला दर वेळी ठेवावी लागते ती चालवली जात नाही, हे मी बावीस वर्षांच्या नोकरीत अनुभवी माणसांच्या बाबतीतही पाहिले आहे आणि त्या माणसांत मीही होतो. म्हणून कोड लिहीत असताना फाइल सेव्ह केली की शेजारच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घ्यायच्या खिडकीत, युनिट टेस्ट कोणी न सांगता धावतील, अशी व्यवस्था मुलांना पहिल्याच प्रात्यक्षिकात लावून द्यावी, एवढी एकच मागणी मी या पत्रातून मांडत आहे. वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी हा विषय जरा आडवळणाचा आहे याची मला कल्पना आहे. पण आपल्या वाचकांत अशा मुलांचे पालक, शिक्षक आणि अभ्यासक्रम ठरवणारे प्राध्यापक असे तिघेही आहेत.

जे या व्यवसायात नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रोग्राममधला एखादा लहान भाग, ज्याला फंक्शन म्हणतात, तो सुटा घ्यायचा, त्याला ठरावीक माहिती पुरवायची आणि त्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी जुळते का, हे दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रामकडून तपासून घ्यायचे, याला युनिट टेस्ट म्हणतात. या पद्धतीला आजचे रूप देण्यात केंट बेक यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी आधी स्मॉलटॉक भाषेसाठी असे साधन लिहिले, आणि १९९७ साली एरिक गामा यांच्यासोबत झुरिचहून अटलांटाला एका परिषदेसाठी जाताना, विमानातच, जावा भाषेसाठी जेयूनिटचे पहिले रूप लिहून काढले. पुढे जवळपास प्रत्येक भाषेने त्याची नक्कल केली; पायथॉनमध्ये युनिटटेस्ट हे साधन २००१ पासून भाषेसोबतच मिळते. थोडक्यात, यात नवे किंवा महागडे असे काही नाही.

मी सध्या ज्या महाविद्यालयात अभ्यागत म्हणून शिकवतो तिथे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गेल्या सत्रात मी एक साधा प्रश्न दिला होता. पतसंस्थेच्या पावतीवर रक्कम आकड्यांत आणि खाली अक्षरी छापावी लागते. तर आकडा दिला की मराठीत अक्षरी रक्कम देणारे फंक्शन लिहा. इंग्रजीत हे काम सोपे आहे, कारण विसाच्या पुढे दशक आणि एकक यांची नावे नुसती शेजारी ठेवली की भागते. मराठीत मात्र शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा स्वतःचे नाव घेऊन जन्माला आला आहे, आणि ज्याने लहानपणी पाढे घोकले आहेत त्यालासुद्धा सदुसष्ट की सत्तेचाळीस हे क्षणभर आठवावे लागते. वर्गातल्या एका हुशार मुलाला शंभर नावे टंकण्याचा कंटाळा आला आणि त्याने एक नियम शोधून काढला: शेवटी नऊ असेल तर पुढच्या दशकाच्या नावाआधी ‘एकोण’ लावायचे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असे करत एकोणनव्वदपर्यंत नियम झकास चालतो. त्याने एकोणतीस, एकोणपन्नास आणि एकोणनव्वद ही तीन उदाहरणे हाताने टाकून पाहिली आणि काम संपले असे जाहीर केले.

नियमाची दोन्ही टोके तुटलेली होती. एकोणिसाच्या जागी ‘एकोणवीस’ येत होते, जे ऐकायला चूक वाटत नाही, पण पावतीवर एकोणीसच हवे. आणि नव्याण्णवच्या जागी पडद्यावर ‘एकोणशंभर’ उमटत होते. वर्गात हशा पिकला. त्या मुलाने ही दोन टोके वेगळी हाताळली आणि तो शेकड्यांकडे वळला, तिथे खरी गंमत सुरू झाली. शंभराला ‘शंभर’ म्हणतात, पण एकशे एकला ‘शंभर एक’ म्हणत नाहीत. त्याने एकशे एक दुरुस्त केले, तेव्हा शंभराचे ‘एकशे’ झाले. शंभर पूर्ववत केले, तेव्हा दोनशे बिघडले. या प्रत्येक टप्प्यावर त्याचे लक्ष हातातल्या आकड्यावर होते, आणि जो आकडा कालच बरोबर आला होता त्याकडे परत जाऊन पाहायचे त्याला सुचणे शक्यही नव्हते. चाचण्या आपोआप का धावाव्यात, याचे माझ्याकडे याहून चांगले कारण नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना व्यवस्था लावून दाखवली. पडद्याचे दोन भाग केले: डावीकडे संपादक, ज्यात कोड लिहायचा, उजवीकडे टर्मिनल. टर्मिनलमध्ये एकच ओळ लिहायची असते. वृत्तपत्रात आज्ञा जशीच्या तशी छापणे अवघड, म्हणून शब्दांत सांगतो: आधी एलएस या आज्ञेने पायथॉनच्या फाइलींची यादी काढायची, मग उभी रेघ, जिला पाइप म्हणतात, देऊन ती यादी ‘एंटर’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रामच्या हाती द्यायची (त्याच्या नावाचे स्पेलिंग ई-एन-टी-आर असे चार अक्षरी आहे, की-बोर्डवरच्या एंटरशी घोळ करू नये), आणि त्याच्यापुढे बदल झाल्यावर काय चालवायचे ते लिहायचे, म्हणजे पायटेस्ट, पायथॉनच्या चाचण्या चालवणारे साधन. मध्ये उणे सी असा पर्याय दिला तर दर वेळी पडदा पुसून स्वच्छ होतो आणि ताजा निकालच तेवढा समोर राहतो. यानंतर उजवीकडे हात लावायचाच नाही. डावीकडे कंट्रोल-एस दाबले की उजवीकडे शून्यापासून एक हजारापर्यंतच्या निवडक आकड्यांच्या चाचण्या सेकंदभराच्या आत धावून जातात आणि शेवटची ओळ हिरवी किंवा लाल होते. लाल झाली तर कोणता आकडा, काय हवे होते आणि काय आले, हे पायटेस्ट शेजारी शेजारी लिहून दाखवते.

या व्यवस्थेची खरी परीक्षा चौऱ्याहत्तरवर झाली, आणि तो प्रसंग जरा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. एका मुलीची इतर सगळी चाचणी हिरवी होती, पण चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी आणि चौऱ्याण्णव एवढे तीनच आकडे लाल येत. टर्मिनल सांगत होते की ‘चौऱ्याहत्तर’ हवे होते आणि ‘चौऱ्याहत्तर’ आले, म्हणून नापास. तिने मला बोलावले तेव्हा तिचा पायथॉनवरचा विश्वासच उडाला होता. तरीही ती थांबली नव्हती. शब्दातले एकेक अक्षर पुसायचे, पुन्हा टंकायचे, सेव्ह करायचे आणि उजवीकडे पाहायचे, असे तिचे चालले होते. मी तिच्या मागे उभा असतानाच सातव्या की आठव्या सेव्हला चौऱ्याहत्तर हिरवे झाले, आणि या वेळी तिने कोणते अक्षर बदलले होते हे आम्हा दोघांना नेमके ठाऊक होते: तो ‘ऱ्या’ होता. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि साध्या र खाली नुक्ता देऊनही. तिसरी, जुनी रीत अशी की साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. तिन्ही रीतींनी पडद्यावर एकच आकृती उमटते, पण संगणकाच्या लेखी ते तीन निराळे शब्द असतात. चाचणी तिने घरच्या लॅपटॉपवर टंकली होती, कोड लॅबमधल्या की-बोर्डावर. पहिल्या दोन रूपांचा मेळ घालायला पायथॉनमध्ये युनिकोडडेटा या भागातले नॉर्मलाइझ हे फंक्शन पुरते. तिसऱ्या, जोडचिन्हाच्या रूपाला त्याचा उपयोग नाही, ते आपण हाताने बदलून घ्यावे लागते. तिचे हे तिसरेच निघाले. दर वेळी टर्मिनलमध्ये जाऊन आज्ञा देऊन चाचणी चालवावी लागली असती, तर एवढ्या चिकाटीने अक्षर-अक्षर बदलून पाहण्याचा धीर कोणाला राहिला असता असे मला वाटत नाही. मला तरी राहिला नसता.

सेव्ह करताच चाचण्या आपोआप धावतात, हे घडते कसे, असे मुले विचारतात, आणि त्याचे उत्तर अभ्यासक्रमातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयाशी थेट जोडता येते ही आणखी एक सोय. सर्वांत जुनी युक्ती फाइलीवरच्या तारखेची. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक हा प्रोग्राम लिहिला. तो फाइल शेवटची कधी बदलली ते पाहतो आणि जे जुने झाले असेल तेवढेच नव्याने करतो. मात्र मेकला कोणीतरी हाक मारावी लागते. दर सेकंदाला तारखा तपासत बसणे हा त्यावरचा उपाय, ज्याला पोलिंग म्हणतात. तो चालतो, पण फाइली हजारोंनी असल्या की संगणक विनाकारण राबतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, २००५ साली, २.६.१३ या आवृत्तीत, इनोटिफाय ही सोय आली आणि चित्र पालटले. आता प्रोग्रामने कर्नलला सांगून ठेवायचे की या फोल्डरात काही हलले तर मला उठव, आणि खुशाल झोपी जायचे. मॅकवर एफएसइव्हेंट्स आणि युनिक्सच्या बीएसडी घराण्यात केक्यू हे काम करतात. मी वर सांगितलेला एंटर हा यांपैकी केक्यू किंवा इनोटिफाय यांच्याच आधाराने चालतो, म्हणून तो दिवसभर उघडा राहिला तरी लॅबमधल्या जुन्या यंत्रांचा पंखासुद्धा वेग घेत नाही.

आता अडचणी. त्या लपवल्या तर उद्या कोणी शिक्षक हे करून पाहील, फसेल आणि मला दोष देईल. पहिली अडचण संपादकांच्या सवयींची आहे. विम हा संपादक सेव्ह करताना अनेकदा मूळ फाइल बाजूला सारतो आणि त्याच नावाची नवी फाइल लिहितो. परिणामी ज्याने मूळ फाइलवर डोळा ठेवला तो पहारेकरी आता अस्तित्वात नसलेल्या गोष्टीकडे टक लावून बसतो. शिवाय त्या फोल्डरात लिहिता येते का हे पाहण्यासाठी विम कधी कधी ‘४९१३’ अशा नावाची फाइल क्षणभर बनवून पुसून टाकतो. ही फाइल कुठून आली, या प्रश्नाने माझी एक अख्खी दुपार खाल्ली आहे. एंटरने ही खोड सांभाळून घेतली आहे. पण जे विद्यार्थी इनोटिफायवर स्वतःची आज्ञावली रचतात त्यांनी एकट्या फाइलवर डोळा न ठेवता तिच्या फोल्डरवर ठेवावा, आणि एका सेव्हमागून चार-पाच वर्द्या लागोपाठ येतात म्हणून क्षणभर दम धरून मगच चाचण्या सुरू कराव्यात.

दुसरी अडचण व्हीएस कोड या संपादकातल्या ऑटो-सेव्हची. ही सोय काही मुले चालू करून ठेवतात. मग टंकणे एक सेकंद थांबले की फाइल आपोआप जतन होते, चाचण्या अर्ध्या शब्दावरच धावतात आणि उजवा पडदा कायम लाल राहतो. थोड्याच दिवसांत मुले त्या लालीकडे पाहणे सोडतात. ऑटो-सेव्ह बंद ठेवावे आणि ‘हा विचार पुरा झाला’ असे वाटेल तेव्हाच बोटांनी सेव्ह करावे, हे मी वर्गात दर आठवड्याला सांगतो. तिसरी अडचण विंडोजची. मुलांचे लॅपटॉप बहुतेक विंडोजचे असतात आणि आत डब्ल्यूएसएलची (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीची) दुसरी आवृत्ती घेऊन ती लिनक्स वापरतात. पण फाइली सी ड्राइव्हवर ठेवल्या तर बदलाची वर्दी लिनक्सच्या बाजूला पोहोचत नाही आणि सेव्ह करून करून बोटे दुखली तरी काहीही धावत नाही. फाइली लिनक्सच्या घरच्या फोल्डरात हलवल्या की प्रश्न मिटतो. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांत हजारो उपफोल्डर असतात, इनोटिफायला प्रत्येकाची वेगळी नोंद लागते, आणि जुन्या कर्नलमध्ये अशा नोंदींची ठरलेली मर्यादा ८१९२ होती. तेवढे सांगून पुढे जातो.

एक चूक मात्र सगळेच एकदा तरी करतात. चाचणी धावताना निकालाची फाइल त्याच फोल्डरात लिहिते, पहारेकऱ्याला वाटते की काही बदलले, तो पुन्हा चाचणी चालवतो, ती पुन्हा फाइल लिहिते, आणि हे चक्र थांबतच नाही. एका मुलाचा लॅपटॉप अशा चक्रात जेवणाच्या पूर्ण सुट्टीभर फिरत होता. लिहायच्या फाइली तात्पुरत्या फोल्डरात टाकाव्यात, हा त्यावरचा उपाय.

यातून वेगाचा आणि सुटेपणाचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते शिक्षणाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे. दर सेव्हला धावणारी चाचणी दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ लागली की माणूस तिची वाट पाहत नाही. म्हणून डेटाबेस, नेटवर्क, ई-मेल अशा बाहेरच्या गोष्टींना युनिट टेस्टने हात लावू नये, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मुलांना इथे आपोआप पटते. मी नोकरीच्या सुरुवातीला ज्या कंपनीत होतो तिथे एका चाचणीत ग्राहकाचा खरा ई-मेल पत्ता राहून गेला होता. चाचण्या महिन्यातून एकदा चालत तोवर कोणाला काही कळले नाही. मी त्या दर सेव्हला धावतील अशी सोय केली, आणि त्या दुपारी त्या ग्राहकाला ‘आपले खाते उघडण्यात आले आहे’ अशी चाळीसहून अधिक पत्रे गेली. मला बोलावून झापले गेले ते चाचण्या आपोआप चालवल्याबद्दल. पत्ता चाचणीत का होता हे कोणी विचारले नाही. ती गोष्ट मी अजून मनातून काढलेली नाही, हे कबूल करतो.

चाचण्या खरोखरच शेकड्यांनी झाल्या तर त्या सगळ्या दर वेळी चालवण्याची गरज नसते आणि साधनांना याची जाण आहे. पायटेस्टला उणे एक्स हा पर्याय दिला की पहिल्या अपयशालाच ते थांबते, आणि दुसऱ्या एका पर्यायाने फक्त मागच्या वेळी नापास झालेल्या चाचण्या चालवता येतात. जावास्क्रिप्टचे जेस्ट हे साधन वॉच पर्यायाने चालवले की कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला विचारून, बदललेल्या फाइलींशी संबंध असलेल्या चाचण्याच निवडते. गो भाषा २०१८ च्या १.१० या आवृत्तीपासून, ज्या भागात काही बदललेले नाही त्याचा जुना निकालच साठ्यातून काढून दाखवते. स्काला भाषेच्या एसबीटी या साधनात तर आज्ञेपुढे नुसते तरंगचिन्ह (~) लावले की ती बदलागणिक पुन्हा धावते.

हिरव्या रंगावर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही मी शिकवतो. पायथॉनच्या युनिटटेस्टला चाचण्यांची फाइल सापडलीच नाही तर कित्येक वर्षे ते ‘शून्य चाचण्या चालल्या, सर्व ठीक’ असे सांगून मोकळे होई. ३.१२ या आवृत्तीपासून अशा वेळी ते पाच हा क्रमांक परत करते, म्हणजे काम नीट झाले नाही अशी खूण देते; पायटेस्टही एकही चाचणी न सापडल्यास पाचच परत करते. टर्मिनलमधल्या जगात शून्य म्हणजे यश आणि दुसरे काहीही म्हणजे अपयश, हा संकेत ज्याला समजला त्याला पुढे कंपनीत गेल्यावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या चाचण्या वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत, कारण तिथेही हीच आज्ञा असते आणि हाच क्रमांक पाहिला जातो. संपादकात बटण दाबून चाचणी चालवण्याची सोय असताना टर्मिनलचा हट्ट कशाला, असे माझे सहकारी विचारतात, त्यांना मी हेच उत्तर देतो. बटण त्या संपादकापुरते असते. आज्ञा लॅबमधल्या जुन्या यंत्रावर, दूरच्या सर्व्हरवर आणि मित्राच्या लॅपटॉपवर सारखीच चालते.

मुलांचे लक्ष विचलित होईल, हा दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. एमआयटीमध्ये डेव्हिड सॅफ आणि मायकेल अर्न्स्ट यांनी याच प्रश्नासाठी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला आणि २००४ साली निष्कर्ष मांडले. ज्यांच्या संपादकात चाचण्या मागच्या मागे सतत धावत होत्या, ते विद्यार्थी नेमून दिलेले काम मुदतीत पुरे करण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट निघाली. एका प्रयोगावरून सारे ठरत नाही, आणि माझा स्वतःचा अनुभवही थोडा मिश्र आहे. फंक्शनची रचनाच बदलायची असते तेव्हा अर्धा तास सगळे लालच राहणार हे ठाऊक असते. अशा वेळी मी उजवी खिडकी बंद करतो, कागदावर आकृती काढतो आणि मग ती पुन्हा उघडतो. मुलांनाही ती बंद करण्याची मुभा असावी. मात्र बंद करणे हा जाणून घेतलेला निर्णय असावा; आज चाचणी न चालणे हे नुसते विसरण्यामुळे होते.

आता तर कोड लिहून देणारी यंत्रेच आली, मग हे शिकून काय करायचे, असेही एक पालक मला म्हणाले. त्यांच्या मुलाने अशाच एका यंत्राकडून अक्षरी रकमेचे फंक्शन लिहून आणले होते. कोड देखणा होता. उजव्या खिडकीने तो पहिल्याच सेव्हला लाल केला, कारण एकोणऐंशीच्या जागी त्यात हिंदीतले ‘उन्यासी’ आले होते.

अभ्यासक्रम मंडळावरील प्राध्यापकांना म्हणून माझी विनंती अगदी मर्यादित आहे. नवा विषय नको, नवी पुस्तके नकोत. दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या लॅबमध्ये पहिले प्रात्यक्षिक या व्यवस्थेचे ठेवावे, आणि टेस्टिंगच्या जर्नलातला तक्ता रद्द करून त्याऐवजी परीक्षकाने विद्यार्थ्याच्या कोडमधली एक ओळ स्वतः बदलावी, सेव्ह करावी आणि उजवी खिडकी लाल होते की नाही ते पाहून गुण द्यावेत. ओळ बिघडवूनही खिडकी हिरवीच राहिली तर त्या चाचण्या नुसत्या लिहिलेल्या आहेत हे परीक्षकाला अर्ध्या मिनिटात कळेल. मी यंदा दोन तुकड्यांची परीक्षा माझ्यापुरती अशीच घेतली आणि दर विद्यार्थ्यामागे पाच मिनिटेही लागली नाहीत.

खर्चाचा प्रश्न येऊ नये म्हणून शेवटी एवढेच सांगतो की एंटर हा प्रोग्राम फुकट आहे आणि उबुंटू या लिनक्सच्या नेहमीच्या भांडारातून एका आज्ञेने घेता येतो. ज्या लॅबमध्ये इंटरनेट बंद असते किंवा काहीही नवीन टाकायची परवानगी नसते, तिथे शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञांच्या भाषेत, एक न संपणारे आवर्तन लिहावे, त्यात मेकला हाक मारावी आणि मग एक सेकंद झोपावे. मेक स्वतःच तारखा पाहून ठरवेल की चाचण्या चालवायच्या की नाही. त्यात एक खाच आहे ती लक्षात ठेवावी: चाचण्या झाल्याची खूण म्हणून जी रिकामी फाइल आपण ठेवतो तिची तारीख चाचण्या चालवण्याआधी बदलावी, नंतर नव्हे. नंतर बदलली तर नापास झालेली चाचणी तारखेपर्यंत पोहोचतच नाही आणि तीच चाचणी दर सेकंदाला पुन्हा पुन्हा धावत राहते.

आपला,
प्रोग्रामिंगचा एक अभ्यागत शिक्षक, सातारा